डोक्यात ईव्हीडी (मेंदूतलं पाणी बाहेर काढायची नळी) टाकलीये आणि अँटिबायोटिक बंद केलंय? नातेवाइकांनी काय बघायचं, काय विचारायचं, कशाला हात लावायचा नाही

न्यूरो आयसीयूच्या बाहेर बसलेल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, डोक्याला भोक पाडून नळी टाकली, एवढं मोठं काम झालं, आणि अँटिबायोटिकचं एकच इंजेक्शन? पुढचं का नाही देत? पैशांचं असेल तर सांगा, आम्ही घेऊन येतो." प्रश्न काळजीपोटी असतो हे कळतं मला, पण राउंडला डॉक्टरांकडे दोन मिनिटं असतात आणि त्यात याचं उत्तर काही नीट बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतेय. मी इंदुरातच न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे, आपल्याकडे नुसते शहरातले नाही तर धार, खरगोन, देवास, खंडवा सगळीकडून पेशंट येतात, आणि त्यातली मराठी घरं असतात ती माझं आडनाव बघून हळूच बाजूला घेऊन विचारतात की ताई खरं काय ते सांगा. तर खरं काय ते हे. औषध कुठलं आणि किती हे तुमच्या पेशंटचे डॉक्टरच ठरवणार, मी सांगतेय ते त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून.

आधी विचारा, नळी कुठली आहे

सगळे "डोक्यातली नळी" म्हणतात पण नळ्या वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीची इन्फेक्शनची भीती वेगळी असते.

मेंदूच्या आत पोकळ्या असतात, व्हेंट्रिकल म्हणतात त्यांना, आणि त्यात पाणी असतं, सीएसएफ. मोठ्या माणसात तासाला साधारण २० मिली, म्हणजे दिवसाला अर्ध्या लिटरच्या जवळपास पाणी तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं, एका वेळी आत असतं ते फक्त १५० मिलीच्या आसपास. रक्तस्राव झाला, मार लागला, गाठ आली किंवा टीबीचा मेनिंजायटिस झाला आणि वाट अडली की पाणी तुंबतं आणि डोक्यातलं प्रेशर वाढतं. मग कवटीला छोटं भोक पाडून, बहुतेक वेळा उजव्या बाजूला पुढून, व्हेंट्रिकलपर्यंत एक मऊ नळी टाकतात आणि पाणी बाहेरच्या बॅगेत काढतात. ही ईव्हीडी. हिच्यावरूनच प्रेशरही मोजता येतं.

दुसरी असते ती नुसती प्रेशर मोजायची बारीक वायर, आमच्याकडे तिला बोल्ट म्हणतात किंवा आयसीपी मॉनिटर. ती मेंदूच्या भागात थोडीशी आत बसते, तिच्यातून पाणी येत नाही, काही उघडायचं नाही, सॅम्पल काढायचं नाही. म्हणून तिचं इन्फेक्शन फार कमी, अभ्यासांमध्ये सहसा १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी सापडतं. ईव्हीडीचं मात्र तसं नाही, तिचे आकडे कुठे शून्य तर कुठे २२ टक्क्यांपर्यंत आलेत, बऱ्याच ठिकाणी ८ ते १० च्या घरात. एवढा फरक का, तर इन्फेक्शन कशाला म्हणायचं याच्या व्याख्या वेगळ्या, आणि नळी टाकायची आणि सांभाळायची पद्धतही प्रत्येक ठिकाणी वेगळी. या दुसऱ्या कारणातच सगळी गोम आहे, पुढे येतेच.

कमरेतून काढतात ते लंबर ड्रेन, आणि कातडीखालून पोटात सोडतात तो व्हीपी शंट, हे आणखी वेगळे. शंट पूर्ण आत असतो, बाहेर काही लोंबत नसतं.

नळी टाकायच्या आधी तुम्ही काय करायचं

हे काम बहुतेक वेळा रात्री-अपरात्री, घाईतच होतं, ए बी रोडवरचा अ‍ॅक्सिडेंट असतो किंवा घरी बाथरूममध्ये पडलेले आजोबा असतात, तुम्हाला सहीसाठी कागद पुढे करतात आणि तुमचं डोकं ठिकाणावर नसतं. तरी त्या वेळी तीन गोष्टी तुम्हीच सांगू शकता, कारण पेशंट बोलत नाहीये. एक, त्याला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, खास करून पेनिसिलिन किंवा तसल्या इंजेक्शननं कधी अंगावर गांधी आल्या, सूज आली, श्वास लागला असं काही झालं होतं का. नुसतं "गोळीनं मळमळलं होतं" ही अ‍ॅलर्जी नसते, पण जे झालं होतं ते जसंच्या तसं सांगा, ठरवू द्या डॉक्टरांना. दुसरं, गेल्या काही दिवसांत गावातल्या क्लिनिकमध्ये किंवा आधीच्या हॉस्पिटलात कुठली अँटिबायोटिक दिली गेली. पर्ची असेल तर पर्ची, नसेल तर रिकामी शीशी, गोळीचं पाकीट, मोबाइलमधला फोटो, काहीही चालेल. तिसरं, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हार्टवाल्यांना चालू असतात त्या. याचा इन्फेक्शनशी संबंध नाही पण नळी टाकताना रक्तस्राव होऊ शकतो म्हणून सांगायलाच हवं.

आता ते एक इंजेक्शन. ते कातडी कापायच्या आधी गेलं पाहिजे, साधारण तासाभराच्या आत, म्हणजे चाकू लागतो तेव्हा रक्तात औषधाची पातळी भरपूर असते आणि कातडीवरचे जंतू आत ढकलले गेले तरी तिथेच मरतात. बहुतेक ठिकाणी सेफाझोलिन किंवा त्याच घराण्यातलं काही देतात. व्हॅन्कोमायसिन द्यायचं असेल तर ते सावकाश सोडावं लागतं म्हणून आधीपासून, दोन तासांच्या आत सुरू करतात. विचारायचंच असेल तर हे विचारा: "कापायच्या आधी अँटिबायोटिक गेलं ना?" किती दिवस देणार यापेक्षा हा प्रश्न कितीतरी जास्त कामाचा आहे, आणि खरं सांगू का, तो फारसं कुणी विचारत नाही.

केसांवरून पण वाद होतात. वस्तऱ्यानं गुळगुळीत केलं की स्वच्छ असं आपल्याला वाटतं, पण वस्तऱ्यानं कातडीवर बारीक बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तिथे जागा मिळते. म्हणून मशीननं ट्रिम करतात आणि तेवढ्याच भागाचे. "अर्धंच डोकं भादरलं, ही काय पद्धत" असं म्हणू नका प्लीज. मग अँटिसेप्टिक लावून ते पूर्ण वाळू द्यायचं, अंगभर निर्जंतुक कपडा टाकायचा, टोपी, मास्क, गाऊन, ग्लोव्हज, आणि नळी भोकातून सरळ बाहेर न काढता कातडीखालून काही सेंटिमीटर लांब नेऊन बाहेर काढायची, म्हणजे जंतूंना आत यायचा रस्ता लांब पडतो. टाके घालून ती घट्ट बसवायची. हे सगळं बंद दाराआड होतं, तुम्हाला दिसणार नाही, पण इन्फेक्शन होणार की नाही हे बरंचसं इथेच ठरतं.

मग पुढे अँटिबायोटिक का नाही

अमेरिकेतली इन्फेक्शनवाल्या डॉक्टरांची संस्था, आयडीएसए, तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीची २०१६ ची आहेत, दोन्हीकडे सांगणं साधारण एकच आहे: टाकताना द्या, आणि नळी आहे तोवर रोज देत बसू नका. आपल्याकडचे बरेच न्यूरोसर्जन आता याच वाटेनं जातात. काही जण अजूनही २४ तास, ४८ तास देतात, काही नळी निघेपर्यंत देतात, प्रत्येकाची सवय असते आणि काही वेळा पेशंटचं कारणही वेगळं असतं, उघडी जखम, कवटी फुटून आत माती गेलेली, छातीत आधीच न्यूमोनिया. अशा वेळी जे अँटिबायोटिक चालू असतं ते त्या कारणासाठी असतं, नळीसाठी नाही. म्हणून शेजारच्या बेडवर दोन बाटल्या लटकतायत आणि आपल्याकडे एकही नाही याचा अर्थ आपल्यावर लक्ष नाही असा होत नाही.

कारण नीट समजून घ्या. पहिलं म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यात एक पक्की अडसर असते, सूज नसताना बरीच अँटिबायोटिक तिच्यातून फारशी पलीकडे जातच नाहीत, म्हणजे शिरेतून रोज दिलेलं औषध त्या पाण्यात पोचतं थोडंसंच. दुसरं, जंतू नळीच्या प्लास्टिकवर चिकटून बसतात आणि स्वतःभोवती चिकट थर बनवतात, बायोफिल्म म्हणतात त्याला, जुन्या विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं ना तसं, वरून पाणी ओतून जात नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रोजच्या अँटिबायोटिकनं साधे जंतू मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे मागे राहतात, मग इन्फेक्शन झालंच तर ते या उरलेल्यांचं होतं. आपल्या देशातल्या आयसीयूंमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास ही मंडळी आहेतच, आणि त्यातले काही असे की मेरोपेनेमसारख्या मोठ्या अँटिबायोटिकलाही ऐकत नाहीत, मग कोलिस्टिनपर्यंत जावं लागतं आणि ते किडनीला जड जातं.

आता कुणी अभ्यासू भाचा असेल तर तो म्हणेल की रोज दिल्यानं इन्फेक्शन कमी झालं असा पण अभ्यास आहे. आहे, बरोबर. १९९८ ला हाँगकाँगहून आलेला २२८ पेशंटचा अभ्यास आहे, त्यात नळी असेपर्यंत दोन अँटिबायोटिक चालू ठेवलेल्यांमध्ये डोक्यातल्या पाण्याचं इन्फेक्शन ३ टक्के आणि फक्त सुरुवातीला दिलेल्यांमध्ये ११ टक्के. पण त्या ३ टक्क्यांत निघालं काय, तर एमआरएसए नावाचा बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू आणि कॅन्डिडाची बुरशी, म्हणजे सगळ्यात हट्टी गिऱ्हाइकं. आकडा कमी झाला पण ज्याला झालं त्याचं अवघड झालं, आणि हेच जंतू मग हातांवरून पुढच्या बेडवर जातात. म्हणून आज सल्ला देणारे या सौद्याला तयार नाहीत. मला विचाराल तर मीपण नाही.

शिवाय जुलाब. अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतू गेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक वाढतो आणि पेशंटला पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. आणि हो, अशा पेशंटला भेटून आलात तर सॅनिटायझर पुरत नाही, त्याचे बीजाणू अल्कोहोलनं मरत नाहीत, साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात.

एक गोंधळ इथेच मिटवते. डोक्याला मार लागलेल्यांना फिट येऊ नये म्हणून सुरुवातीचे ७ दिवस लेव्हेटिरासिटॅम किंवा फेनिटोइन देतात. ते अँटिबायोटिक नाही. "सात दिवसांचा कोर्स चालू आहे ना" असं बरेच जण समाधानानं सांगतात ते याच औषधाबद्दल असतं.

अँटिबायोटिकवाली नळी घ्यायची का

काही नळ्यांच्या प्लास्टिकमध्येच औषध भरलेलं असतं, रिफाम्पिसिन आणि मिनोसायक्लिन किंवा रिफाम्पिसिन आणि क्लिंडामायसिन, ते हळूहळू तिथल्या तिथे सुटतं. २००३ ला अमेरिकेतल्या सहा ठिकाणी मिळून केलेल्या अभ्यासात साध्या ईव्हीडीत इन्फेक्शन ९.४ टक्के आणि अशा नळीत १.३ टक्के आलं होतं. वर सांगितलेल्या दोन्ही संस्था अशा नळीच्या बाजूच्या आहेत. महाग असते, आणि सगळीकडे स्टॉकमध्ये नसते, आयुष्मान कार्डाच्या पॅकेजमध्ये बसते का ते हॉस्पिटलच्या काउंटरला आधीच विचारा. मिळत असेल आणि झेपत असेल तर हो म्हणा, मिळाली नाही तर झुरत बसू नका, साधी नळी नीट सांभाळून पण छान निभतं.

शंटचं असेल तर २०१९ ला ब्रिटन आणि आयर्लंडमधला १६०० पेशंटचा मोठा अभ्यास आला, साध्या शंटला इन्फेक्शन साधारण ६ टक्के, चांदी लावलेल्याला पण ६, आणि अँटिबायोटिकवाल्याला २. म्हणजे "सिल्वरवाला घ्या, भारी असतो" असं कुणी म्हणालं की हा आकडा आठवा.

रोज बेडपाशी काय बघायचं

काही ठिकाणी तुम्हाला दिवसातून दहा मिनिटं आत सोडतात, आणि काही वॉर्डांत तर नातेवाईकच चोवीस तास बेडजवळ असतो, आमच्यापेक्षा जास्त वेळ पेशंट तोच बघतो. तर डोळे वापरा, हात खिशात.

हात खिशात घालायच्या आधी धुवा मात्र. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत वरचा नंबर काढतंय, आणि छप्पन दुकानांवर पोहे-जिलबी खाऊन तसेच चिकट हात घेऊन लोक आयसीयूत येतात, काय बोलायचं. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद सगळीकडे चोळायचं, बोटांच्या मध्ये, अंगठ्याला, नखांच्या टोकांना. साबणानं धुवायचे असतील तर ४० ते ६० सेकंद. आत येताना एकदा आणि जाताना एकदा. आणि कुणी डॉक्टर किंवा सिस्टर, मी असले तरी, हात न धुता नळीला हात लावत असेल तर बोला, "सिस्टर, हात?" एवढंच. राग येईल एखादीला, येऊ द्या.

डोक्यावरचं ड्रेसिंग कोरडं पाहिजे. ओलं दिसलं, उशीवर पाण्याचा डाग दिसला, केसांवरून पाणी ओघळताना दिसलं तर लगेच सांगा, रात्री तीनला असलं तरी. नळीच्या बाजूनं पाणी गळतंय म्हणजे बाहेरून आत यायलाही वाट आहे, आणि इन्फेक्शनच्या कारणांत ही गळती फार वरची आहे. रुमालानं पुसून "थोडंसं आहे, सकाळी सांगू" असं करू नका.

बॅगेतल्या पाण्याचा रंग कालच्याशी ताडून बघा. रक्तस्रावानंतर सुरुवातीला लाल असतं, मग गुलाबी, पिवळसर, आणि हळूहळू पाण्यासारखं होत जातं. स्वच्छ होत आलेलं पाणी एकदम गढूळ झालं किंवा परत ताजं लाल झालं तर सांगा. आणि किती येतंय तेही, आमच्या चार्टवर तासातासाला लिहिलेलं असतं. एकदम थांबलं तर नळी अडकली असेल, एकदम भरभर यायला लागलं तर त्याहून वाईट, जास्त पाणी निघालं की मेंदूभोवतीच्या शिरा ताणून फाटू शकतात आणि रक्त साचतं.

यावरून आलं लेव्हल. त्या उभ्या पट्टीचा शून्य पेशंटच्या कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या रेषेत असतो आणि थेंब पडायचं चेंबर त्याच्यापासून ठरलेल्या उंचीवर, डॉक्टर सांगतील तेवढं, १० किंवा १५ सेंटिमीटर वगैरे. डोकं वर गेलं आणि चेंबर तिथेच राहिलं की पाणी धो धो निघतं, डोकं खाली आलं की निघायचं थांबतं आणि आत प्रेशर चढतं. म्हणून बेडची कळ तुम्ही दाबायची नाही. बाबांना जरा टेकून बसवू, जेवण सोपं जाईल, हा विचार चांगला आहे, पण आधी सिस्टरला बोलवा, ती नळी क्लॅम्प करेल म्हणजे चिमटीनं बंद करेल, मग बसवेल, मग लेव्हल परत लावेल आणि मग क्लॅम्प उघडेल. खोकला काढताना, फिजिओच्या वेळी, सीटीला नेताना, सगळीकडे हेच. सीटीवरून परत आल्यावर मात्र एक वाक्य तुमच्याकडून हवं: "क्लॅम्प उघडला का?" विसरला गेला तर इन्फेक्शनपेक्षा तो लवकर घात करतो.

प्रेशरच्या आकड्याकडे टक लावून बसायची पण सवय लागते लोकांना. मोठ्यांमध्ये ७ ते १५ हे नॉर्मल, आणि मार लागलेल्या पेशंटमध्ये २२ च्या वर टिकून राहिलं तर उपचार करा असं २०१६ च्या गाइडलाइनमध्ये आहे. खोकताना, सक्शन करताना क्षणभर चढतो आणि उतरतो. चढून तिथेच राहिला तर बोलवा.

कनेक्शन सुटलं, नळी ओढली गेली तर परत जोडायला जाऊ नका, जमिनीवर पडलेलं टोक तर अजिबात नाही. ओरडून सिस्टरला बोलवा, ती पेशंटच्या बाजूनं क्लॅम्प करेल. बेशुद्धीतून बाहेर येणारे पेशंट हात वर नेतातच, म्हणून हात बांधलेले दिसले तर तो छळ नाहीये.

आणि अंगारा. खजराना गणपतीचा अंगारा, अन्नपूर्णेचं कुंकू, कुणी गुरुजींनी दिलेला दोरा, मी कुणाच्याच श्रद्धेला नाही म्हणत नाही, माझी आई पण आणते. पण तो कपाळावर ड्रेसिंगच्या जवळ लावायचा नाही, नळीला दोरा बांधायचा नाही, आणि डोक्याला तेल तर मुळीच नाही. प्लास्टिकच्या स्वच्छ पाऊचमध्ये घालून बाजूच्या कपाटावर ठेवा, देवाला चालतं.

"पाणी टेस्टला का पाठवत नाही?"

हा पण आवडता प्रश्न. रोज सॅम्पल म्हणजे रोज बंद सिस्टम उघडायची, आणि जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना आमंत्रण. म्हणून संशय असेल तेव्हाच काढलेलं बरं, रोजचा रतीब नको. तसंच "पाच दिवस झाले, नळी बदलून टाका ना" हेसुद्धा. ठरावीक दिवसांनी नुसती बदलत राहिल्यानं फायदा होत नाही असंच दिसलंय, उलट प्रत्येक वेळी नवीन भोक, नवीन धोका. नळी बिघडली, अडकली किंवा इन्फेक्शन झालं तर बदलतात.

ताप आला तर

घाबरून लगेच "इन्फेक्शन झालं" म्हणू नका. व्हेंट्रिकलमध्ये रक्त असेल तर त्या रक्तानंच ताप येतो आणि पाण्यात पेशीही वाढतात. व्हेंटिलेटरवर असेल तर छाती, लघवीची नळी, सलाईनची लाईन, पायात रक्ताची गुठळी, ही सगळी कारणं बघावी लागतात. पण तापाबरोबर शुद्ध कमी झाली, काल बोट दाबत होता आणि आज दाबत नाही, मान कडक झाली, शुद्धीत असलेला डोकं फार दुखतंय म्हणू लागला, उजेड सहन होईना, तर तो वेगळा मामला. मग पाण्याच्या पेशी, साखर, प्रोटीन, लॅक्टेट, ग्रॅम स्टेन आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) जातं, सोबत रक्ताची साखर आणि रक्ताचं कल्चरही. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, काही सावकाश वाढणारे जंतू तर दहा दिवस बघावे लागतात, म्हणून "अजून रिपोर्ट नाही म्हणजे लॅब झोपलीये" असं नसतं. आणि आधीच अँटिबायोटिक चालू असेल तर कल्चर निगेटिव्ह येऊन फसवू शकतं, रोज न देण्याचं हेही एक कारण.

खरंच इन्फेक्शन निघालं तर तिथे कंजूषी नाही, उशीरही नाही. रिपोर्टची वाट न बघता दोन मोठी अँटिबायोटिक सुरू होतात, बहुतेक व्हॅन्कोमायसिन आणि सोबत मेरोपेनेम, सेफेपिम किंवा सेफ्टाझिडिम यातलं एक, मग कल्चर आलं की त्याप्रमाणे बदलतात. नळी बदलतात बहुतेक वेळा. कोर्स जंतूप्रमाणे १० ते १४ दिवस, काही हट्टी ग्रॅम निगेटिव्ह गटातल्या जंतूंना २१ दिवसही. शिरेतून देऊन भागत नसेल तर थेट नळीतून व्हेंट्रिकलमध्ये औषध सोडतात, ते ऐकून बायाबापड्या घाबरतात, पण औषध जिथे पोचत नाही तिथे पोचवायची ती पद्धत आहे. मधेच ताप उतरला म्हणून "आता बंद करा, बिल वाढतंय" असं म्हणू नका. तिथे पूर्ण कोर्स लागतो.

रोजचा एक प्रश्न

नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त, पहिल्या चार-पाच दिवसांनंतर तो वाढताना दिसतो. म्हणून राउंडला अँटिबायोटिक कुठलं हे विचारण्यापेक्षा, "डॉक्टर, आज नळीची गरज कशासाठी आहे?" हे विचारा. पाणी अजून लाल आहे, प्रेशर चढतंय, सूज आहे, असं काहीतरी ठोस उत्तर येईल. आणि ज्या दिवशी ठोस उत्तर येणार नाही त्या दिवशी बहुतेक ते स्वतःच म्हणतील की क्लॅम्प करून बघू. चेंबर थोडं थोडं वर नेऊन किंवा सरळ बंद करून साधारण २४ तास बघतात, पेशंट सुस्त झाला नाही, उलटी नाही, प्रेशर चढलं नाही, सीटीत व्हेंट्रिकल फुगले नाहीत तर नळी काढतात आणि टाका घालतात. नाही जमलं तर शंटचा विचार होतो, पण पाण्यात इन्फेक्शन असेल तर ते पूर्ण साफ झाल्याशिवाय शंट टाकता येत नाही, मग तेवढे दिवस परत बाहेरच्या नळीवर. एका इन्फेक्शननं मुक्काम किती लांबतो ते यावरून बघा.

छुट्टी झाल्यावर

नळी काढल्यानंतरचे एक-दोन दिवस टाक्यातून पाणी येतं का बघा. घरी गेल्यावर ताप, जखम लाल होणं, सुजणं, पाणी किंवा पू येणं, उलट्या, झोपेतून नीट न उठणं, चाल बदलणं, यातलं काही दिसलं तर ओपीडीची तारीख बघत बसू नका, सरळ इमर्जन्सीत या. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मेडिकलवाल्या भियाला विचारून चालू करू नका. डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं, टाके कधी काढायचे हे छुट्टीच्या कागदावर लिहून घ्या, आणि तेल जखम पूर्ण भरल्याशिवाय नाही.

आणि फाईल. पहिल्या पानावर पेनानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: नळी कुठली, कुठल्या तारखेला टाकली, कुठल्या तारखेला काढली, कुठली अँटिबायोटिक कधीपासून कधीपर्यंत, अ‍ॅलर्जी काय, आणि कल्चर आलं असेल तर त्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये. खरगोनहून किंवा बडवानीहून परत धावपळीत यावं लागलं, किंवा दुसऱ्याच हॉस्पिटलात जावं लागलं, तर तिथला ड्युटी डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारणार आहे.